कुंद्याच्या ऑर्डरींना कार्डाने पैसे कसे घ्यायचे?

वडगावची_सून: बेळगावात घरातून कुंदा नि करदंट ही मिठाई विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, निम्म्या पुणे-कोल्हापूरच्या. आता काहीजण क्रेडिट कार्डच म्हणायलेत. वेबसाइट नाही. महिन्याला ५०० च्या वर खर्च नको. काय घेऊ?

निपाणीकर: स्वाइप मशीन घ्या ताई. माझ्या दुकानात दोन आहेत, एकदाही दगा नाही.

खानापूर_काजू: गिऱ्हाईक पुण्यात, मशीन वडगावात, कार्ड घासणार कोण? पेमेंट लिंक पाठवा. गिऱ्हाईक ती उघडून कार्डानं भरतं. रेझरपे, कॅशफ्री, कुठल्याही पेमेंट कंपनीची. वेबसाइट लागत नाही, पॅन नि बँक खातं लागतं. क्रेडिट कार्डावर साधारण २ टक्के कापतात, त्या कपातीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १००० ला २३.६० गेले.

टिळकवाडी७: बँक खात्यातून केलेल्या यूपीआयला २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, मग कार्ड कशाला? रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येतं. फक्त क्यूआर दुकानाच्या नावाचा पाहिजे, स्वतःच्या खात्याचा चालत नाही.

निपाणीकर: मशीनवर क्यूआरपण येतो.

चिकोडी_गूळ: कुरिअरची पावती जपा. माझ्या एका गिऱ्हाइकानं माल मिळालाच नाही म्हणून बँकेत तक्रार केली. पोचल्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, ३२०० परत गेले. माल गेला तो गेलाच.

हिशेबनीस: कुणीच सांगेना म्हणून सांगतो. बेळगावहून कोल्हापूरला माल गेला की तो आंतरराज्य व्यवहार. उलाढाल कितीही लहान असो, करपात्र खाण्याच्या मालाला जीएसटी नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेतून, म्हणजे लहान व्यापाऱ्यांच्या ठोक दराने कर भरायच्या सोयीतून, परराज्यात विकता येत नाही.

सीमावासी: कोल्हापूर आम्हाला परराज्य कधीपासून झालं?

हिशेबनीस: मलाही ते परकं नाही हो. पण बिलावर कर्नाटकचा कोड २९, महाराष्ट्राचा २७. तिथं चुकलात तर भुर्दंड ताईंना बसणार.

खानापूर_काजू: लिंकच बरी. मी तीन वर्षं वापरतोय.

वडगावची_सून: सगळ्यांचे आभार. लिंक एकदा करून बघितली. पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, अनोळखी लिंक उघडायची नाही असं मुलानं बजावलंय. ऑर्डर गेली. म्हणून आधी जीएसटी नंबर काढते, मग दुकानाच्या नावाची छोटी वेबसाइट करून तिथंच कार्ड घेते. ५०० त बसणार नाही, ठाऊक आहे. पावत्यांची फाइल आजच केली.

निपाणीकर: मशीनचा विचार करा अजून.