क्रमवारी नव्हे, तो तक्ता पाहावा

भाचीने अमेरिकेतील क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटसाठी विद्यापीठे क्रमवारी पाहून निवडावीत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते क्रमवारी बाजूला ठेवावी. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांना संकेतस्थळावर एक तक्ता प्रसिद्ध करावाच लागतो. पदवीला प्रत्यक्षात किती वर्षे लागली, खर्च किती, किती जणांनी शिक्षण अर्धवट सोडले, कितींना इंटर्नशिप मिळाली आणि पुढे कितींना व्यवसायाचा परवाना मिळाला, हे त्यात आकड्यांनिशी असते. नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका सल्लागाराने माझ्या मुलीपुढे गुळगुळीत माहितीपत्रके पसरली, या तक्त्याचे मात्र नावही काढले नाही. घरी येऊन आम्ही तो उघडला, तेव्हा तिच्या यादीतली दोन नावे तिथेच गळाली.

संशोधनावर भर देणारी पीएच.डी. आणि प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) या दोन पदव्यांतील फरकही पैशांच्या अंगाने पाहावा. पीएच.डी.च्या जागा मोजक्या, पण बहुधा शुल्कमाफी व विद्यावेतनासह असतात, साय.डी.चा भार बहुतेकदा स्वतःच उचलावा लागतो.

भाचीला नाशिकला परतून व्यवसाय करायचा असल्यास परदेशी पदवीवर नोंदणी मिळेल का, हे भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेला अर्जापूर्वीच लेखी विचारावे.