अनुभव धागा : पहिल्यांदा अख्खा अल्बम ऐकला तेव्हा

पंचवटीची लेक

दिवाळीची साफसफाई म्हणून काल माहेरी गेले होते. माळ्यावरून जुना टेप खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला, तर आत कॅसेट तशीच बसलेली. टीडीकेची सी-९०. कागदावर काकांचं अक्षर, निळ्या शाईत : 'मायकल – थ्रिलर (पूर्ण)'. म्हणजे मायकल जॅक्सनचा अख्खा अल्बम. 'पूर्ण'खाली दोन रेघा.

काका ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या कारखान्यात होते. १९८४ची गोष्ट. देवळाली कॅम्पात त्यांच्या एका मित्राकडे रेकॉर्ड आली होती, ती त्यांनी रविवारी तिथे बसून भरून आणली. सी-९० का, तर एका बाजूला ४५ मिनिटं मावतात आणि थ्रिलर आहे ४२ मिनिटांचा. म्हणजे मध्ये कॅसेट न उलटता नऊच्या नऊ गाणी. उरली तीन मिनिटं. तेवढी टेप रिकामी कशाला सोडायची, म्हणून काकांनी मागे 'शुक्रतारा, मंद वारा' भरलं. ते काही पूर्ण मावलं नाही. मध्येच टेप खट्कन थांबायचा.

मी तेव्हा आठ वर्षांची. मराठी शाळा, इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही. पण 'बिली जीन'ला आधी नुसता ड्रम, मग खालून चालत येणारा तो बेस, हे ऐकायला मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे. तिथे आवाज छान घुमायचा. आणि कितीतरी वर्षं माझ्यासाठी अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा हे थ्रिलरमध्येच होते! अजूनही मोबाइलवर अल्बम लावला की शेवटचं 'द लेडी इन माय लाइफ' संपतं आणि कान शुक्रताऱ्याची वाट बघतात.

काल टेप लावून बघितला. चालला, पण आवाज जड येत होता, दमलेल्या माणसासारखा. तरी डबे पुसत पुसत अख्खा ऐकला.

तुमचंही सांगा. सुटं गाणं नव्हे, अख्खा अल्बम. कुणी दिला, कुठे ऐकलात, काय वाटलं. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल.

सिडकोकर

आवाज जड = बेल्ट सैल झालाय. फेकू नका टेप. उघडून बेल्ट बदला, हेड आणि रबरी रोलर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बाकी रात्री लिहितो, ड्युटीवर आहे.

अशोकस्तंभ

आमच्याकडे हाच अल्बम, पण रेकॉर्ड. मामांनी मस्कतहून आणलेली. 'थ्रिलर' गाण्याच्या शेवटी तो भयपटांचा नट व्हिन्सेंट प्राइस ते भयाण हसतो ना, तिथे पहिली बाजू संपते. हसू विरलं की बाबा खुर्चीतून उठायचे, रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेने धरून उलटायचे, मखमली ब्रश फिरवायचे, सुई ठेवायचे. मग थोडी खरखर आणि मग 'बीट इट'. माझ्या कानात या दोन गाण्यांमध्ये बाबांच्या चपलांचा आवाज आहे. तुमच्या सी-९०वर तो विसावा मिळालाच नसणार.

'बीट इट'मधला गिटारचा सोलो एडी व्हॅन हेलनने वाजवला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत, हे बाबा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. अल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्सचं नाव तर आमच्या घरात नातेवाईकासारखं घेतलं जायचं.

कव्हर उघडलं की आत मायकल पांढऱ्या सुटात आणि मांडीशी वाघाचं पिल्लू. ते पिल्लू पाहायला गल्लीतली मुलं यायची.

पंचवटीची लेक

वाघाचं पिल्लू?! चाळीस वर्षं ऐकतेय, हे मला आज कळलं. आमच्याकडे फक्त काकांचं अक्षर होतं हो.

अशोकस्तंभ

फोटो काढून टाकतो संध्याकाळी. कोपरा वाळवीने खाल्लाय, पिल्लू शाबूत आहे.

मेनरोडची मावशी

माझा अल्बम 'डिस्को दीवाने', १९८१. त्याआधी 'कुर्बानी'मधलं 'आप जैसा कोई' रेडिओवर लागलं की आम्ही तिघी बहिणी हातातलं टाकून धावायचो. नाझिया हसन तेव्हा पंधरा वर्षांची आणि मी तेरा. आपल्याएवढी मुलगी, सिनेमात दिसत नाही, नुसती गाते आणि सगळा देश ऐकतो, हे मला फार मोठं वाटलं होतं. तोवर पोरींचं गाणं म्हणजे एकतर क्लास नाहीतर हळदीकुंकू.

संगीत बिद्दूचं. आवाजावर आवाज चढवून रेकॉर्ड केलेले, त्यामुळे ती एकटीच गातेय पण चारजणी गातायत असं वाटायचं. आम्ही तिघी तसंच गाऊन बघायचो, न्हाणीघरात, कारण तिथे घुमतं. (तुमची पायरी, आमचं न्हाणीघर!)

२०००च्या ऑगस्टमध्ये ती गेली. पस्तिशीची. पेपरातली ती चौकोनी बातमी मी कापून कॅसेटच्या डबीत ठेवली, अजून तिथेच आहे. धाकटीला फोन केला तेव्हा दोघी बराच वेळ काही बोललोच नाही.

गंगापूररोड

मावशी, अगदी अगदी. आमच्या आईचीपण नाझियाच.

नाशिकरोडचा

शरणपूरला आजोळ. नाताळ म्हणजे बोनी एम, तो डिस्को ग्रुप. १९७८चं 'मेरीज बॉय चाइल्ड' आमच्या गल्लीत डिसेंबरभर एका तरी घरातून येत असायचं. पण ज्याच्यामुळे मी वेडा झालो तो त्याच वर्षीचा 'नाइटफ्लाइट टू व्हीनस'. पहिलं गाणं अंतराळयानाच्या घोषणेसारखं सुरू होतं आणि ड्रम न थांबता तसेच थेट 'रासपुतिन'मध्ये घुसतात. दोन गाण्यांच्या मध्ये भिंतच नाही! असं करता येतं हेच मला माहीत नव्हतं.

आणि तो पुरुषी आवाज नाचणाऱ्या बॉबी फॅरेलचा नाही, निर्माता फ्रँक फॅरियनचा स्वतःचा आहे हे कळलं तेव्हा दोन दिवस वाईट वाटलं. आता नाही वाटत. नाच त्याचा, आवाज याचा, दोघांशिवाय ते गाणं उभंच राहिलं नसतं.

सिडकोकर

रासपुतिनवर आमच्या मंडळाचं लेझीम बसवलं होतं. खोटं नाही, फक्कड बसतं.

नाशिकरोडचा

व्हिडिओ असेल तर टाका राव!!

सराफबाजार

मी जरा वेगळं लिहितो. २००८च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. वडिलांच्या रेकॉर्डी खालच्या फळीवर. पाणी उतरल्यावर चिखलातून एकेक काढली. कव्हरांचा लगदा झाला होता. मी म्हटलं गेलं सगळं. वडिलांनी बादलीत कोमट पाणी घेतलं, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ फडकं, आणि खाचांच्या दिशेने गोल गोल पुसत बसले. मधलं कागदी लेबल भिजू नये म्हणून त्यावर वाटी पालथी धरायची. मग भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटांसारख्या उभ्या करून वाळवल्या. रेकॉर्डला पाण्याचं काही होत नाही, हे त्या दिवशी शिकलो. तिला भीती उन्हाची आणि रेतीची.

पहिली लावली ती 'शिवकल्याण राजा'. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाची, १९७४ची. संगीत हृदयनाथांचं, आवाज लतादीदींचा. आणि त्यात आपल्या तात्यासाहेबांचं, कुसुमाग्रजांचं 'वेडात मराठे वीर दौडले सात'. मागे सतत टिक्‌टिक्‌ आवाज येत होता, खाचेत अडकलेल्या रेतीचा. वडील म्हणाले, असू दे, नदीचा आहे.

तो अल्बम सुटा सुटा ऐकू नका. एका बैठकीत ऐका. गाण्यांच्या क्रमाला अर्थ आहे.

मेनरोडची मावशी

वाटी पालथी धरायची… वडिलांना नमस्कार सांगा.

सराफबाजार

ते दोन वर्षांपूर्वी गेले, मावशी. तुमचा निरोप रेकॉर्डींना सांगतो.

मेनरोडची मावशी

🙏

ओल्या_वाटा

'गारवा' कुणीच कसं लिहिलं नाही अजून? सौमित्रच्या कविता आणि मिलिंद इंगळेचं गाणं. कॉलेजरोडला पहिला पाऊस आणि मित्राच्या स्कूटरच्या डिकीत ती कॅसेट. गाणं सुरू व्हायच्या आधी सौमित्र जे बोलतो ते पाठ होतं सगळ्या वर्गाला. बास, पाऊस आला की लावते. कुकर झाला, जाते.

कसारा_घाट

मी लहान आहे इथे सगळ्यांपेक्षा. कॅसेट वापरलीच नाही कधी. तीन वर्षं पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला रोज अप-डाउन केलं. तेव्हा पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) मिळाला, मोबाइलवर. साधारण ४३ मिनिटांचा. नाशिकरोडला गाडी हलली की लावायचो, इगतपुरीच्या आसपास संपायचा. सुरुवातीला हृदयाचे ठोके आणि शेवटीही तेच ठोके. आधी मी फुकटवालं ॲप वापरायचो, त्यात मध्येच जाहिरात. 'टाइम'मध्ये सगळी घड्याळं एकदम वाजतात आणि लगेच प्रेशर कुकरची जाहिरात! पहिल्या पगारातून ॲपचे पैसे भरले.

त्यात 'द ग्रेट गिग इन द स्काय' म्हणून एक आहे. एक बाई गाते आणि गाण्याला शब्दच नाहीत. घरी स्पीकरवर लावलं होतं. आई आतून पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. आई किराणा घराण्याचं शिकलेली, लग्नानंतर सुटलं. मला म्हणाली, "कोणाचा रे हा आलाप?" मी सांगितलं, क्लेअर टॉरी, इंग्लंडची, तिला आधी काही लिहून दिलं नव्हतं, स्टुडिओत उभं केलं आणि म्हणाले गा. त्या दिवसाचे तिला ३० पौंड मिळाले होते. आई शेवटपर्यंत दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "खालच्या सुरावर आली तेव्हा बघ, तेव्हा ती खरी रडली." आणि आत गेली. तवा करपला होता.

आता दर रविवारी आई आणि मी एक अल्बम ऐकतो. ती निवडते एक आठवडा, मी एक. या रविवारी तिची पाळी आहे.

सिडकोकर

काय लिहिलंस रे.

अशोकस्तंभ

आईंना सांग, त्यांचंही गाणं रेकॉर्ड करून ठेव म्हणावं.

कसारा_घाट

विचारलं होतं. "रियाज झाल्यावर बघू" म्हणाली. तंबोऱ्याचं ॲप टाकून घेतलंय स्वतःच्या फोनवर 😊

तबलजी_मखमलाबाद

बीटल्सचा 'ॲबी रोड', १९६९. मला मिळाला २००५ला, सीडीवर, मित्राने कॉपी करून दिलेला. 'हिअर कम्स द सन' ऐकताना मध्ये 'सन, सन, सन' असं परत परत येतं तिथे मी मांडीवर ठेका धरला आणि हात चुकला. परत लावलं, परत चुकला. मग कागद घेऊन मोजलं. सरळ चार-चारच्या हिशोबात ते बसत नाही, तिहाईसारखं (तबल्यात एकच तुकडा तीनदा वाजवतात तसं) अडून अडून समेवर येतं. जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे शिकला होता, ते असं मुरलेलं. माझ्या गुरुजींना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि समेवर बोट आपटलं. त्या एका बोटासाठी मी तो अल्बम कुणालाही द्यायला तयार आहे.

आपल्याकडे आठ-दहा दिवस झड लागते, कपडे वाळत नाहीत, गंगापूर धरणातून पाणी सोडतात, आणि मग एका सकाळी पांडवलेण्याच्या डोंगरावर ऊन पडतं. तेव्हा हेच गाणं.

हां, आणि शेवटचं गाणं संपल्यावर सीडी काढू नका. चौदा सेकंद शांतता आहे आणि मग २३ सेकंदांचं एक पिटुकलं गाणं. मला ते वर्षभर माहीतच नव्हतं, कारण मी आधीच उठायचो.

गंगापूररोड

पांडवलेण्याच्या बाजूला ती मिसळ अजून मिळते का? चुलीवरची?

तबलजी_मखमलाबाद

मिळते. रविवारी आठच्या आत जा, नंतर रांग.

नाशिकरोडचा

पंचवटीताई, कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला काय होतं?

पंचवटीची लेक

आधी ॲबाचा 'अरायव्हल' होता. मग आईने त्यावर रेडिओवरून गीतरामायण भरलं. छप्पनपैकी जेवढी मावली तेवढी! पंचवटीतलं घर, आई म्हणाली रामाला जागा नको का. कॅसेटच्या मागच्या कानाचं प्लास्टिक काकांनी मुद्दाम तोडलं होतं, कुणी खोडू नये म्हणून. आईने तिथे चिकटपट्टी लावली. ती पट्टी अजून आहे, पिवळी पडलीय.

पंचवटीची लेक

चार दिवसांनी लिहितेय. सिडकोकर, बेल्ट बदलला. मायकल पुन्हा तरुण झाला!

काल टेप घेऊन काकांकडे गेले, इंदिरानगरला. आता त्यांना कानाला मशीन लागतं. टेप टेबलावर ठेवला, ते अगदी जवळ बसले, एक हात टेपच्या वर, म्हणजे हादरा तळव्याला कळतो म्हणाले. काकू चहा ठेवून गेली, निवला, तरी हलले नाहीत. नऊ गाणी झाली, शुक्रतारा सुरू झालं. मी टेपकडे बघत होते. आणि खट् व्हायच्या नेमकं आधी काकांनी हात काढून घेतला. त्यांना ती जागा पाठ होती.

मी विचारलं, शुक्रताराच का? म्हणाले, त्या मित्राकडे प्लेअरशेजारी तीच एक रेकॉर्ड वर ठेवलेली होती, आणि शेवटची बस निघायला वीस मिनिटं होती.

सराफबाजार

ताई, शुक्रताराची रेकॉर्ड आहे माझ्याकडे. पुरातली. पूर्ण वाजते. काकांना ऐकवायची असेल तर प्लेअर घेऊन येतो.

पंचवटीची लेक

या ना! रविवारी? दहानंतर केव्हाही.

कसारा_घाट

रविवारी मी आणि आई आलो तर चालेल का? आईने या आठवड्याला अरुण दातेच निवडलेत.

पंचवटीची लेक

अरे या की. काकूला सांगते, साबुदाणा वडे करेल.

गंगापूररोड

बेल्ट कुठे मिळाला? माझाही टेप पडून आहे.

पंचवटीची लेक

शालिमारजवळ, गल्लीत. जुना बेल्ट सोबत न्या, ते मापून देतात.