डोनटची रांग सोडा, शूफ्लाय पाय घ्या
फिलाडेल्फियाच्या रीडिंग टर्मिनल मार्केट या खाद्यबाजारातून डोनटची रांग बघून तसेच परत आलात, हे तुम्ही लिहिलेलं वाचून हळहळले. अहो, डोनट राहू द्या, शूफ्लाय पाय (pie) घ्यायचा! खाली मैद्याची पारी, वर भुरभुरीत चुरा आणि मध्ये मोलॅसिसचा, म्हणजे जवळजवळ आपल्या काकवीचाच, ओलसर थर. गूळपोळीतला गूळ फुटून तव्यावर जरासा करपतो ना, थेट तीच चव. नवऱ्याला "फार गोड" वाटला. (हा माणूस वाटीभर श्रीखंड चाटूनपुसून खातो.)

व्हूपी पाय म्हणजे दोन मऊ चॉकलेट केकच्या मध्ये क्रीम. दोघांत एक पुरे. कनोली म्हणजे गोड सारण भरलेली तळलेली इटालियन नळी; ती समोर सारण भरून देतात तिथूनच घ्या. आधी भरलेली मऊ पडते.

आणि रविवारी जाऊ नका. १८९३ पासूनचं हे मार्केट रविवारी उघडं असतं, पण आमिश लोकांचे (जुन्या पद्धतीने साधं राहणारा ख्रिस्ती पंथ) गाळे बंद, आणि शूफ्लाय पाय तर त्यांच्याकडचाच! आम्ही पहिल्या खेपेला नेमके रविवारीच गेलो होतो. झाकलेले गाळे बघितले आणि कॉफी पिऊन घरी आलो.