वसईत फादरांनी जमीन-पाण्यावर बोलावं की नाही?

वाडीकर:
वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. परवा एका लग्नात त्यांचा विषय निघाला आणि पुन्हा तेच ऐकलं, ‘धर्मगुरूने मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) करावी, जमीन-पाण्याच्या भानगडीत पडू नये.’ मला हे मुळीच पटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईची हिरवी जमीन बिल्डरांना मोकळी होऊ लागली, तेव्हा गुंडगिरीपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. हरित वसई संरक्षण समितीतून फादर पुढे झाले म्हणून माणसं घराबाहेर पडली. आणि चर्च पैशाच्या व्यवहारात काय आज आलंय? १९१८ साली मॉन्सिनियर (ज्येष्ठ धर्मगुरूंची पदवी) मोनीस यांनी सहकारी संस्था काढली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. गावच्या माणसाला कर्ज मिळवून देणं त्यांना धर्माबाहेरचं वाटलं नाही.

आगाशीकर:
बँक आणि मोर्चा एका तागडीत घालू नका. बँकेचे हिशेब तपासले जातात, संचालकांना सभासद पाडू शकतात. फादरांना कोण पाडणार? वेदीवरून आलेल्या शब्दाला मिस्सेत उठून उलट उत्तर देता येत नाही. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी ‘योग्य माणूस निवडा’ एवढं म्हटलं तरी कोण ते अख्ख्या पॅरिशला, म्हणजे त्या चर्चच्या सगळ्या भाविकांना, कळतं. हे मी ऐकलंय आणि मला ते खटकलंय. २०१७ च्या अभिराम सिंह निकालात सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलं की धर्माच्या नावाने मत मागणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण, मग धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा. दुसऱ्यांना हा निकाल ऐकवतो, तो आपल्यालाही लागू आहे.

आणखी एक. जमिनी विकल्या कुणी? आमच्या आळीतलं बावखल, म्हणजे वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं तळं, डेब्रिज टाकून बुजवलं. ज्याच्या पाण्यावर पानवेल आणि केळी उभी असायची, तिथे आता इमारत आहे. मालक दर रविवारी पुढच्या बाकावर असतो. त्याच्याबद्दल प्रवचनात अवाक्षर नाही.

नंदाखालकर:
१८९१ मध्ये पोप तेरावे लिओ कामगारांच्या मजुरीवर बोलले, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस पर्यावरणावर. रोम बोलतं आणि वसईने गप्प बसायचं?

वाडवळांची सून:
आम्ही हिंदू. माझे सासरे त्या मोर्च्यांना जायचे, ते आमच्याही विहिरीचं पाणी मचूळ झालं म्हणून. शेजारच्या विहिरीवर रात्रभर टँकर भरायचे, पंपाचा आवाज घरात यायचा. फादरांबद्दल त्यांना फार आदर होता. पण सभा चर्चच्या आवारात असली की सासूबाई फाटकापाशीच थांबायच्या. आत या म्हणून कुणी हाक मारली तरी अवघडायच्या. सभा शाळेच्या पटांगणात घेतली असती तर आमच्या आळीतल्या निम्म्या बायका आल्या असत्या.

वाडीकर:
ताई, हे अगदी खरं, आमच्या लोकांनी हे तेव्हाच ऐकायला हवं होतं. आगाशीकर, कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा स्वतःचा कायदाच, धर्मगुरूला सत्तेचं पद घ्यायला मनाई करतो, त्यामुळे मत कुणाला द्यायचं हे फादरांनी सांगू नये, मान्य. पण पाणी कोण उपसतंय हे सांगणं म्हणजे प्रचार नव्हे. आणि बावखल बुजवणाऱ्याला प्रवचनात खडसवायचं, तर फादरांना तुम्ही म्हणता त्याहून जास्तच बोलावं लागेल.

आगाशीकर:
बोलू देत. पण मग सभेत, खाली आमच्यासारख्या खुर्चीवर बसून, आणि आम्हाला उलट प्रश्न विचारू देत.