दुर्बिणीची डव्हटेल पट्टी: जिग कुठे, मिल कुठे

दुर्बीण स्टँडवर बसवायची तिरक्या कडांची डव्हटेल पट्टी घरी करताना ड्रिल प्रेसला (स्टँडवरच्या उभ्या ड्रिलला) एंड मिल (बाजूनेही कापणारा कटर) लावून जिगच्या (ड्रिलला नेमक्या जागी नेणाऱ्या साच्याच्या) आधाराने खाच पाडता येईल, असं काही जण सुचवतात. कृपया ते करू नका. बहुतेक ड्रिल प्रेसचं चक (ड्रिल धरणारा भाग) नुसत्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर बसलेलं असतं. बाजूने दाब आला की फिरता फिरता सुटतं. शिवाय चकचे तीन जबडे एंड मिलचा कडक दांडा घट्ट धरत नाहीत. कटर हळूहळू खाली सरकतो आणि खाच एका टोकाला खोल होत जाते.

भोकांना मात्र जिगच. एकसारख्या चार-पाच पट्ट्या असतील तर मिलपेक्षाही (मिलिंग मशीनपेक्षाही) लवकर उरकतं. एम६ (६ मिमी स्क्रूच्या) आट्यांसाठी ५ मिमी ड्रिल, कडक केलेला बुश (जिगमधली, ड्रिलला वाट दाखवणारी नळी), लांबी ८ ते १० मिमी. बुश आणि पट्टीत ३-४ मिमी फट ठेवा, नाहीतर चिप्स बुशमधूनच वर येतात आणि त्याचं भोक झिजवतात.

तिरकी कड आणि लांब खाच हे मिलचं काम. ६०६१-टी६ या अॅल्युमिनियमला दोन दातांचा ६ मिमी एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटर, कोलेटमध्येच (दांडा सगळीकडून आवळणाऱ्या पकडीत). २५०० आरपीएमला मिनिटाला साधारण १५० मिमी फीड, एका फेरीत खोली १ मिमी. रॉकेलचा ब्रश फिरवत राहा. कोरडं चालवलं की अॅल्युमिनियम दातांत चिकटतं, कटर कापायचा सोडून घासतो आणि तुटतो. छोट्या मिलच्या टेबल सरकवणाऱ्या स्क्रूत खेळ (ढिलेपणा) असतो, म्हणून क्लाइम्ब कट (कटरचे दात जातात त्याच दिशेने पट्टी सरकवणं) टाळा; कटर टेबलच ओढून घेतो.