शाळेत अण्णासाहेब किर्लोस्करांचं प्रदर्शन मांडूलालोय, फोटो आणि तक्ते सोडून काय ठेवता येईल?

मलप्रभाकाठची बाई
नमस्कार. मी खानापूर तालुक्यात एका हायस्कूलात मराठी शिकवते. आमच्या शाळेत जुनी स्टोअर रूम रिकामी झाली, साधारण बारा बाय पंधरा, तिथं मुलांनी छोटं संग्रहालय करायचं ठरवलंय आणि पहिलं प्रदर्शन एका नाटककारावर. नववीची चौदा पोरं आहेत. नाव मीच सुचवलं, अण्णासाहेब किर्लोस्कर, कारण माणूस आपल्याच जिल्ह्यातला, सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचा, आमच्या कणकुंबीत उगवणारी मलप्रभा पुढं त्यांच्याच भागाकडं जाते हे सांगितल्यावर मुलं एकदम सरसावून बसली.

आता अडचण अशी की आत्तापर्यंत जे झालंय ते सगळं तक्तेच. जन्म ३१ मार्च १८४३, शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८०, सौभद्र १८८२, मृत्यू २ नोव्हेंबर १८८५, मधे एक पगडीतला फोटो नेटवरून काढलेला. वर मोठ्या अक्षरात ‘मराठी नाटकाचे जनक’. परवा आठवीच्या वर्गाला ट्रायल म्हणून आत सोडलं तर दोन मिनिटांत बाहेर आली, आणि एकानं विचारलं बाई हे पंपवाले किर्लोस्कर काय? माझ्या पोरांची तोंडं उतरली हो. ज्या माणसानं अख्ख्या महाराष्ट्राला गायला लावलं त्याच्या खोलीत आवाजच नाही असं मलाच वाटलं. बजेट तीन हजार, एक जुना लॅपटॉप, दोन स्पीकर. कुणी असं काम केलंय का, किंवा तुमच्याकडं काही जुनं सामान असलं तर सांगा.

टिळकवाडीकर
बाई उपक्रम फार चांगला आहे. पण ते ‘मराठी नाटकाचे जनक’ आधी काढा, नाहीतर सांगलीचा कुणी पाहुणा आला तर पोरांना तिथंच उभं करून ऐकवेल. तो मान विष्णुदास भाव्यांचा, ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत सीतास्वयंवर झालं, म्हणून तर ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन. म्हणजे मराठी नाटक आणि अण्णासाहेब एकाच वर्षी जन्मले, हे वाक्य तक्त्यावर घाला, मुलांना लक्षात राहील. संगीत नाटकाचे पण ‘पहिले’ म्हणताना जरा जपून, त्रिलोकेकरांचं नल-दमयंती शाकुंतलच्या आधी आलं होतं. पण संगीत नाटक घरोघरी नेलं ते अण्णासाहेबांनी यात वाद नाही.

अजून एक, ३१ ऑक्टोबरला पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात जो पहिला प्रयोग झाला तो पूर्ण शाकुंतलचा नव्हता, पहिल्या चार अंकांचा होता. आणि त्यांचं रामराज्यवियोग तर अपुरंच राहिलं, तीन अंक झाले आणि माणूस गेला, वय फक्त ४२. गेले ते पण गुर्लहोसूरलाच. पहिल्या शाकुंतलपासून मोजलं तर सगळा खेळ पाच वर्षांचा.

तारखा बघा ३१ ऑक्टोबर, २ नोव्हेंबर, ५ नोव्हेंबर. एका आठवड्यात सगळं बसतंय. फक्त १ तारखेला बेळगावात बंदोबस्त असतो, मराठी लोकांचा काळा दिन आणि कर्नाटकाचा राज्योत्सव दोन्ही, त्या दिवशी लांबनं कुणाला बोलवू नका.

निपाणीचा वाचक
पंपाच्या प्रश्नावर पोरांनी नाराज होऊ नये, तो प्रश्न चांगलाच आहे की. लक्ष्मणराव किर्लोस्कर पण गुर्लहोसूरलाच जन्मले, १८६९ साली, आणि बेळगावातच सायकलचं दुकान काढून सुरवात केली. दाराजवळच एक पाटी लावा ‘पंपवाले कोण आणि नाटकवाले कोण’, पुढचं माणूस आपोआप वाचतंय.

पायपेटीवाला
बाई मी येळ्ळूरकडचा, वय ७१, आमच्या वडिलांची पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची पेटी, घरात आहे, तीस वर्षं गावच्या हौशी नाटकांना साथ केली मी. तुमचं वाचलं आणि रात्रभर तेच डोक्यात. तुम्ही म्हणता खोलीत आवाज नाही, मग आवाजच मांडा की, बाकी सगळं त्याच्या मागनं येऊ दे.

कुठनं सुरू करायचं सांगतो. सौभद्रचं छापील पुस्तक वाचनालयात मिळेल, ते मुलांच्या हातात द्या आणि पदं वाचू नका म्हणावं, पदाच्या वर बारीक अक्षरात ‘चाल’ लिहिलेली असते ती वाचा. तिथं खरा अण्णासाहेब सापडतो बघा. साकी, दिंडी, अंजनीगीत असली जुनी वृत्तं, लावणीची चाल, कीर्तनातली चाल, आणि कानडी पदांच्या चालीसुद्धा. म्हणजे त्या माणसानं काय केलं, जे सूर लोकांच्या कानात आधीच होते, देवळात, जात्यावर, तमाशात, कानडी खेळात, ते उचलले आणि त्यावर सुभद्रा आणि अर्जुन बसवले. म्हणून लोकांना पहिल्याच प्रयोगाला आपलं वाटलं. शाकुंतलात दोनशेच्या वर पदं आहेत बाई, पण ऐकणाऱ्याला जड होत नाहीत कारण चाल ओळखीची. आज आपण पेटीवर सौभद्र वाजवतो तेव्हा मधली सगळी गायकी वर चढलेली असते, भाऊराव कोल्हटकरांची, मग बालगंधर्वांची, आलाप ताना सगळं, पण खाली ती साधी चालच असते, माझे वडील म्हणायचे आधी चाल साधी वाजव, मग नटव.

तेव्हा मुलांना एक काम द्या. घरात आजी जे काय म्हणते, ओवी असू दे, भजन असू दे, हळदीचं गाणं असू दे, मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा, आणि त्याच चालीवर स्वतःचे चार ओळींचे शब्द बांधा. ते जमलं की अण्णासाहेबांचं काम त्यांना हातानं कळलं. खोलीत दोन बटणं ठेवा, एकावर आजीचं, एकावर पोरांचं.

पेटी मी देतो. फक्त तिच्या शेजारी अण्णासाहेबांच्या नाटकात ही वाजायची असं लिहू नका. त्या वेळी साथीला सारंगी आणि तबला. ऑर्गन नंतरचा, बालगंधर्वांच्या जमान्यातला. भाता थोडा फाटलाय, पण सूर लागतात.

आणि नांदी विसरू नका. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही शाकुंतलची नांदी, पण आमच्या गावात सामाजिक नाटक असलं तरी सुरवात तिच्यानंच व्हायची. माणूस दारातनं आत आला की नांदी लागली पाहिजे.

सौंदत्तीवाला
नमस्कार, माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठीत, चूक झाली तर सांभाळून घ्या. वरच्या काकांनी कानडी चालीचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं म्हणून मुद्दाम लिहूलालोय. आमच्या भागात श्रीकृष्ण पारिजात हा खेळ अजून होतो, कृष्ण, सत्यभामा, रुक्मिणी, आणि जवळजवळ सगळं गाण्यातनं. ज्या मुलाच्या गावात असले खेळ रात्रभर चालत होते त्याला पुढं पुण्यात गाणारं नाटक सुचलं, यात मला तरी नवल वाटत नाही. पुण्यात पारशी कंपनीचं इंद्रसभा बघून त्यांना कल्पना आली असं सगळे सांगतात, ते खरंच आहे, पण कान तयार झाले ते इथंच असं माझं मत.

आणि भाव्यांचं सांगलीतलं नाटक पण कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघूनच उभं राहिलं. नंतर उलटं झालं, मराठी कंपन्या आमच्याकडं गाजायला लागल्या तेव्हा गदगला शांतकवींनी आपली भाषा मागं पडते म्हणून कन्नड नाटकं लिहायला घेतली. आमच्या तालुक्यातल्या एणगीचे नट बाळप्पा शंभराच्या वर जगले, १९१४ ते २०१७, बसवण्णांच्या भूमिकेनं नाव काढलं. हे देणंघेणं एका नकाशावर दाखवता येईल, सांगली, बेळगाव, गदग, पुणे, धागे बांधून. पाट्या दोन्ही भाषेत करा, कन्नड मी तपासून देतो, फोनवर पाठवा.

जुना बेळगावकर
राग मानू नका पण मराठी शाळेतल्या मराठी नाटककाराच्या प्रदर्शनात कन्नड पाटी कशाला? आम्ही इथं प्रत्येक बोर्डासाठी भांडूलालोय, ऑफिसात एक मराठी कागद मिळवायला वर्ष जातंय, आणि आपल्याच खोलीत आपणच जागा द्यायची? अण्णासाहेब आपले आहेत, ते आपले म्हणूनच दाखवा.

पायपेटीवाला
दादा तुमचं दुखणं माझं पण आहे, मी त्या भांडणात लाठी खाल्लेली आहे. पण सरकारी बोर्ड वेगळा आणि पोरांची खोली वेगळी. कानडी आजी नातवाचं प्रदर्शन बघायला आली तर तिला वाचता आलं पाहिजे एवढंच. मराठी वर, मोठी. कन्नड खाली. मराठी कमी कुठं झाली सांगा?

जुना बेळगावकर
मराठी वर असली तर माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडं वडिलांच्या वेळची नाटकाची हँडबिलं आहेत, साताठ असतील. पाहिजे तर देतो, पण परत पाहिजेत.

कागदवाली
हँडबिलं म्हटल्यावर राहवलं नाही. मी सात वर्षं एका संग्रहालयात काम केलंय. मूळ कागद भिंतीला लावूच नका, कलर झेरॉक्स लावा आणि मूळ मालकाला त्याच दिवशी परत करा. सेलोटेप आणि लॅमिनेशन मूळ कागदाला अजिबात नको, चिकट डाग जन्मभर जात नाही. खानापूरच्या पावसानंतर भिंती किती महिने ओल सोडतात माहितीय ना, तक्ते भिंतीपासून बोटभर पुढं, दोरीवर टांगा. एक वही घाला, वस्तू कुणाची, कधी आली, कशा अवस्थेत आली, कधी परत गेली, दोघांची सही. पायपेटीला पण तीच वही. मुलांना हे काम फार आवडतं, जबाबदारी वाटते.

पाटी एका वस्तूला पन्नास-साठ शब्द, त्याच्या वर कुणी वाचत नाही. आणि उंची आठवीच्या मुलाच्या डोळ्याला धरून, सरांच्या नाही.

कॉपीराइटचं कुणी विचारलं तर अण्णासाहेबांची पदं मोकळी आहेत, लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क असतो, तो कधीच संपला. रेकॉर्डिंगला पण निघाल्यापासून साठ वर्षं, म्हणून नवीन गायकाची सीडी लावण्यापेक्षा जुन्या तबकड्यांवरचं लावा, किंवा पोरांनीच गावं.

टिळकवाडीकर
अजून एक आठवलं, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांना एक कोपरा द्या. मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे, पण शिकले बेळगावात, काही काळ शिक्षकही होते इथं, आणि अण्णासाहेबांचे शिष्य. शारदा त्यांचंच, १८९९. म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी हा विषय नववीच्या मुलींना सांगावा लागत नाही. आणि भाऊराव कोल्हटकर सुभद्रा करायचे, पुरुष असून, ते जरूर सांगा, मुलं हसतील आधी, मग आवाज ऐकला असता तर काय झालं असतं यावर बोलू दे.

मलप्रभाकाठची बाई
सगळ्यांचे मनापासून आभार, चार दिवस शाळेत याच्याशिवाय विषय नाही. ‘जनक’वाला तक्ता मुलांनी स्वतः उतरवला. पंपाची पाटी ज्यानं प्रश्न विचारला त्या आठवीतल्या मुलालाच लिहायला दिली, तो आता रोज डबा खाऊन तिथंच बसतोय.

आणि काका, आजीच्या गाण्याचं सांगते. चौदातल्या बारा जणांनी रेकॉर्डिंग आणलं. आमच्यात एक मुलगी आहे, घरात कन्नड, वर्गात फारशी बोलत नाही, मराठीत चुकेल म्हणून. तिची आजी सौंदत्तीकडची. तिनं पारिजातमधलं सत्यभामेचं रुसण्याचं पद आणलं, आजी चुलीपुढं बसून म्हणतेय, मागं भाकरी थापल्याचा आवाज. वर्गात लावलं तर सगळे गप्प. मग सौभद्रमधलं कृष्ण रुक्मिणीची समजूत काढतो ते ‘नच सुंदरी करू कोपा’ आम्ही लावलं, आणि तीच मुलगी म्हणाली बाई, इथं पण बायको रुसलीय. चाल एक नाही, पण मुलांना धागा सापडला. आता ती आजीच्या चालीवर मराठी शब्द बांधूलालीय, दोन ओळी झाल्यात, तिसरीला अडलीय, रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारते ‘रुसवा’ला जुळणारा शब्द काय. पहिली दोन बटणं तिचीच.

सौंदत्तीवाले दादा, कन्नड पाट्या ती लिहितेय, रविवारी फोटो पाठवते, तपासा. हँडबिलवाल्या दादांना वही आणि दोन सह्या कबूल. प्रदर्शन ३१ ला दुपारी उघडतो, १ तारखेला बंद, ५ पर्यंत चालू.

पायपेटीवाले काका, शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटते. एका पालकाचा टेंपो आहे, गादी घालून चार पोरं आणते. भाता फाटलाय म्हणालात, तो शिवायला कुणी खानापुरात आहे का, का तुम्हीच सोबत येऊन दाखवाल?

पायपेटीवाला
येतो की. सोबत पातळ चामडं आणि सरस आणतो, भाता पोरांच्या पुढ्यातच लावूया. टेंपो दाराशी येत नाही, देवळाजवळ लावा.