मदत हवी आहे: रोटॅक्स 912 यूएल इंजिन, पावसाळ्यानंतर एका बाजूचे प्लग काळे आणि कार्बमधून पेट्रोल टपकतंय

तापीकाठ

मंडळी, इंजिनाचा एक प्रश्न अडलाय. सगळे आकडे एकदमच देतो.

विमान दोन आसनी मायक्रोलाइट, इंजिन पुढे. रोटॅक्स 912 यूएल, 80 अश्वशक्ती, दोन बिंग 64 कार्ब्युरेटर. इंजिनाचे तास 640. कार्बची रबरं आणि डायाफ्राम बदलून सहा वर्षं झाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत विमान हँगरमध्ये उभं होतं. टाकी अर्धी भरलेली, पेट्रोल नेहमीच्या पंपावरचं.

आता सुरू केल्यावर 1600 आरपीएमला (मिनिटाला फेरे) इंजिन जोरात थरथरतं. 2500 ते 3500 मध्ये अडखळतं, वर गेलं की बरंच सावरतं. जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला आधी 5200 मिळायचे, आता 4950. प्रॉपेलरचा पिच बदललेला नाही. 4000 ला इग्निशनची ए आणि बी ही दोन्ही सर्किटं तपासली: ए बंद केल्यावर 180 ने उतार, बी बंद केल्यावर 220 ने. इंधनाचा दाब 0.3 बार. ऑइलचा दाब आणि तापमान व्यवस्थित.

एक कार्ब 1 आणि 3 नंबरच्या सिलिंडरला पेट्रोल देतो, दुसरा 2 आणि 4 ला. आठही प्लग काढले. 2 आणि 4 चे फिकट तपकिरी, 1 आणि 3 चे चारही काजळीने काळे, कोरडे. इंजिन बंद केल्यावर 1-3 च्या कार्बच्या व्हेंट नळीतून दोन-तीन मिनिटं थेंब पडतात.

हँगरवर येणारे एक जण म्हणाले की सिंक्रोनायझेशन गेलंय, गेज लावून दोन्ही कार्ब जुळवून घ्या. तेच आधी करू का?

गॅरेज_नंबर_3

नाही, सिंक्रोनायझेशनला आत्ता हात लावू नका. ते सगळ्यात शेवटी. एका कार्बमध्ये दोष असताना दोन्ही जुळवले तर चांगला कार्ब बिघडलेल्याच्या मापाला आणून ठेवाल, आणि पुढे मूळ दोष शोधणं दुप्पट कठीण होईल.

तुमच्या आकड्यांवरूनच बरंच काही बाद होतं. इग्निशन ठीक आहे: एका सर्किटवर 300 पर्यंत उतार चालतो आणि दोन सर्किटांत 115 पर्यंत फरक चालतो, तुमचा फरक 40 आहे. पंप ठीक आहे: 0.15 ते 0.4 बार ही मर्यादा, तुमचं 0.3. शिवाय पंप दोन्ही कार्बना एकच, त्याची चूक असती तर दोन्ही बाजू बिघडल्या असत्या. इनटेकचं रबर चिरलं असतं तर जादा हवा शिरून त्या बाजूचे प्लग पांढरट झाले असते. तुमचे काळे आहेत, म्हणजे 1-3 ला पेट्रोल जास्त जातंय.

एका बाजूला पेट्रोल जास्त जाण्याची नेहमीची कारणं तीन. चोक पूर्ण बंद होत नाही, नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) बसत नाही, किंवा ती सुई उचलणारे तरंगते फ्लोट जड झालेत. व्हेंटमधून थेंब पडतात म्हणजे फ्लोट बाउलमधली, म्हणजे कार्बखालच्या वाटीतली, पेट्रोलची पातळी वर गेलीये, त्यामुळे चोक मागे पडतो. तरी तो आधी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. चोकचा नॉब बंद करून दोन्ही कार्बवरच्या लिव्हर बोटाने मागे ढकला. एखादी अजून सरकली तर केबल ताणलेली आहे, तिला सुमारे 1 मिमी ढील हवी.

मग इंजिन बंद, इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, फक्त इलेक्ट्रिक पंप एक मिनिट चालवा. खाली ट्रे, हाताशी अग्निशामक. 1-3 कडे थेंब आले आणि 2-4 कोरडा राहिला, तर दोष नीडल किंवा फ्लोटचा, दुसरं काही शोधू नका.

आणि हे होईपर्यंत इंजिन चालवू नका, कृपया. त्या व्हेंट नळीचं तोंड कुठे उघडतं ते बघा. एक्झॉस्टवर पेट्रोल पडलं तर पुढचं सांगायला नको. कार्बखाली ड्रिप ट्रे आहे ना? त्याची निचऱ्याची नळी पावसाळ्यात कुंभारमाशीने मातीने बुजवलेली असते, तार घालून मोकळी करा.

तापीकाठ

चोकच्या लिव्हर दोन्हीकडे पूर्ण मागे आहेत, केबलला ढील आहे. इलेक्ट्रिक पंप चालवल्यावर वीस सेकंदांत 1-3 कडे थेंब सुरू, 2-4 कोरडा. ड्रिप ट्रेची नळी खरंच मातीने बंद होती, मोकळी केली.

बाउल उघडताना काय जपायचं?

गॅरेज_नंबर_3

इंधनाचा कॉक बंद करा. बाउल खालून तारेच्या क्लिपने धरलेला असतो. एका हाताने बाउल वर दाबून धरा, दुसऱ्याने क्लिप बाजूला सरकवा, आणि बाउल आडवा न करता सरळ खाली उतरवा. आतलं पेट्रोल सांडू नका, तोच तुमचा पुरावा आहे. इथेच थांबून फ्लोट बघा. दोन काळे फ्लोट आपापल्या पिनवर वरखाली सरकतात. दोन्ही सारख्या उंचीवर तरंगायला हवेत. एक जरी बुडालेला किंवा तिरका दिसला तर निदान तिथेच झालं.

आता ते पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत ओता आणि उजेडात धरा. तळाशी पाण्याचे मणी, तांबूस भुकटी, काळे रबराचे कण, काय दिसतं ते लिहून ठेवा. काळे कण असतील तर होज आतून सुटतोय, फ्लोट बदलूनही आजार परत येईल.

फ्लोट पुसा, हवेवर पाच मिनिटं ठेवा आणि जोडी एकत्र तोला. सोनाराकडचा किंवा 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवा, स्वयंपाकघरातला नको. दोन्ही मिळून 7 ग्रॅमपर्यंत चालतं. त्यापुढे फ्लोटने पेट्रोल शोषलंय. जड फ्लोट उशिरा उठतो, नीडल उशिरा बंद होतं, पातळी वर चढते, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि उरलेलं व्हेंटमधून बाहेर येतं. कमी आरपीएमला त्रास जास्त आणि वर सावरतं, हे तुमचं लक्षण त्याच्याशी जुळतं.

नीडलचं रबरी टोक भिंगाखाली बघा. गोल खाच पडली असेल तर बदला. फ्लोट आर्म वाकडा नको: कार्ब उलटा धरल्यावर त्याचे दोन्ही पाय कार्बच्या बाउल बसण्याच्या कडेला समांतर दिसले पाहिजेत. बाउलचं गॅस्केट नवीनच लावा. जेट फुंकून किंवा कार्ब क्लीनरने साफ करा, तार कधीच घालू नका. जेटच्या भोकाला एक ओरखडा पडला तरी माप बदलतं.

चारघात

गॅरेजभाऊंनी कार्बचं सांगितलंच आहे. मला काळजी टाकीतल्या पेट्रोलची वाटते. हल्ली पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. 912 साठी इथेनॉलची मर्यादा 10 टक्के आहे. म्हणजे पंपावरचं सरळ टाकीत ओतलं की पहिल्या दिवसापासून आपण मर्यादेच्या बाहेर. गाडी त्यावर चालते म्हणून विमानही चालेल, हा हिशेब धरू नका.

मोजायला सोपं आहे. 100 मिलीचं मापाचं काचेचं नळकांडं घ्या. 20 मिली पाणी, वर 80 मिली पेट्रोल, तोंड बंद करून मिनिटभर हलवा, मग दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. 20 चा थर 20 च राहिला तर इथेनॉल नाही. 28 च्या आसपास गेला तर साधारण 10 टक्के, 35 च्या आसपास तर 20 टक्के. ही अंदाजाची चाचणी आहे, थोडं इथेनॉल वर पेट्रोलमध्ये राहतं, म्हणून आकडा कमी दाखवते, जास्त दाखवत नाही. प्रत्येक नव्या कॅनला ही चाचणी करा.

साडेचार महिने अर्धी टाकी पावसाळ्यात, हे आणखी वाईट. टाकीच्या रिकाम्या भागातली दमट हवा रात्री गार होते, आतून घाम सुटतो, इथेनॉल ते पाणी ओढून घेतं. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बनतो. इंधन टाकीच्या तळातूनच उचललं जातं, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याचाच. आणि वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेनही उतरलेला असतो. 912 यूएलला किमान 90 ऑक्टेन लागतो, 100 अश्वशक्तीच्या यूएलएसला 95. त्यामुळे जुनं पेट्रोल वरचं चांगलं म्हणून ठेवू नका. सगळं काढा, गॅस्कोलेटर (इंधनातलं पाणी आणि गाळ अडवणारी वाटी) उघडून धुवा, फिल्टर बदला.

टाकी कशाची आहे? काही कंपोझिट टाक्यांच्या रेझिनला इथेनॉल मऊ करतं, आणि विमानाच्या उत्पादकाची मर्यादा इंजिनाच्या मर्यादेपेक्षा कडक असू शकते. दोन्हींपैकी जी कडक, ती पाळायची.

तापीकाठ

मोजमापं झाली. 1-3 ची जोडी 8.3 ग्रॅम, 2-4 ची 6.4. 1-3 मधला एक फ्लोट स्पष्ट खाली बसलेला होता. नीडलच्या टोकावर बारीक खाच आहे. बरणीत पाण्याचे चार-पाच मणी, काळे कण नाहीत. इथेनॉल चाचणीत थर 20 वरून 34 वर गेला. टाकी ॲल्युमिनियमची.

दोन प्रश्न. तो फ्लोट उन्हात वाळवून तात्पुरता वापरता येईल का, नवीन येईपर्यंत? आणि ई20 मध्ये निम्मं एव्हीगॅस (विमानाचं बिनइथेनॉल पेट्रोल) मिसळलं तर इथेनॉल 10 टक्क्यांवर येईल, ते चालेल का?

गॅरेज_नंबर_3

फ्लोट वाळवू नका. वजन उतरेल, काटा 6.8 दाखवेल, तुम्ही समाधानाने बसवाल आणि काही तासांच्या उड्डाणात तो पुन्हा पेट्रोल पिईल. ते नेमकं टेकऑफनंतर 300 फुटांवर कळू नये. दोन्ही कार्बचे चारही फ्लोट आणि दोन्ही नीडल नवीन घाला. नवीन फ्लोटही बसवण्याआधी तोला आणि वजन लॉगबुकात लिहा, पुढच्या वेळी तुलना करायला आकडा हवा.

आणि रबराचं. सहा वर्षं झाली म्हणालात, मुदत पाच वर्षांची असते, तास कितीही असोत. कार्ब इंजिनाला जोडणारे इनटेकचे दोन्ही रबरी सॉकेट, डायाफ्राम, इंधन आणि कूलंटचे होज, सगळं या खेपेलाच बदला. कार्ब उतरलेलेच आहेत. सॉकेट बाहेरून चांगला दिसतो, अंगठ्याने वाकवला की धातूच्या कडेला चीर उघडते.

चारघात

50:50 बद्दल. गणित बरोबर आहे, पण ते तुम्हाला बरोबर मर्यादेवर आणून ठेवतं, पुढेमागे जागाच नाही. कॅन भरताना दोन लिटरचा फरक पडला किंवा पंपावरचं मिश्रण थोडं जास्त निघालं की तुम्ही बाहेर. मी तरी हे सुचवणार नाही. सरळ एव्हीगॅस 100 एलएल वापरा. इंडियन ऑइल ते 2022 पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतं, सगळं आयातीवर अवलंबून राहायचे दिवस गेले. महाग पडतं हे खरं. 912 यूएल ताशी 13 ते 15 लिटर पितं, हिशेब त्यावर करा.

एव्हीगॅसमध्ये शिसं असतं, त्यामुळे देखभाल बदलते. ऑइल दर 100 तासांऐवजी 50 ला बदलायचं, सतत एव्हीगॅसवर असाल तर 25 ला. ऑइल सेमी-सिंथेटिक, गिअर ॲडिटिव्ह असलेलं, मोटरसायकलच्या प्रतीचं. पूर्ण सिंथेटिक नको, ते शिशाचे कण धरून ठेवत नाही, मग राखाडी चिखल ऑइलच्या टाकीच्या तळाशी आणि गिअरबॉक्समध्ये बसतो. ऑइल बदलताना टाकीही उघडून पुसा.

थर्मलवाला

जोडणीनंतरच्या क्रमाबद्दल थोडं. इतके दिवस उभं राहिलेलं इंजिन लगेच स्टार्टरने उडवू नका. दोन्ही इग्निशन बंद करून प्रॉपेलर हाताने फिरण्याच्या दिशेनेच फिरवा, ऑइलच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. उलटा फिरवलात तर व्हॉल्व्ह उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये हवा जाते. गुडगुडल्यावरच डिपस्टिक बघा, त्याआधीचा आकडा खोटा.

चोक वापरून सुरू करा, 2000 वर दोन मिनिटं, मग 2500 वर ऑइल 50 अंशांना येईपर्यंत. मग सिंक्रोनायझेशन. आधी यांत्रिक: केबल सोडून दोन्ही थ्रॉटल लिव्हर आयडलच्या (सर्वात कमी वेगाच्या) स्टॉपला एकाच क्षणी टेकतात का, आणि पूर्ण थ्रॉटलला एकाच क्षणी पोचतात का. आयडल मिश्रणाचे स्क्रू हलके शेवटपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. मग दोन्ही इनटेकना जोडणारी समतोल नळी सुटी करून दोन व्हॅक्यूम गेज लावा. आधी दोन्ही गेज एकाच बाजूला लावून ते सारखं दाखवतात का ते बघा. हे बहुतेक जण विसरतात आणि गेजमधला फरक कार्बमध्ये भरतात. आयडलला स्टॉपच्या स्क्रूने जुळवा, 2500 ला केबलने, आणि पुन्हा आयडल. आयडल 1400 च्या खाली नको, गिअरबॉक्स खडखडतो.

चाकांना ठोकळे, शेपूट बांधलेली, कॉकपिटमध्ये जाणता माणूस, आणि गेज वाचणारा प्रॉपेलरच्या मागे. पुढून वाकून कोणी बघायचं नाही.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लोट, नीडल, सॉकेट, डायाफ्राम, होज मागवतोय. पुढच्या पावसाळ्याआधी उभं करताना काय करू?

चारघात

शेवटच्या उड्डाणानंतर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग दोन्ही बाउल उतरवून कोरडे करा. ऑइल आणि फिल्टर उभं करण्याआधी बदला, नंतर नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. टाकी एकतर एव्हीगॅसने काठोकाठ, नाहीतर पूर्ण रिकामी आणि कोरडी. एअर फिल्टर आणि एक्झॉस्टचं तोंड लाल फीत लावलेल्या बुचाने बंद करा. व्हेंट नळ्या आणि ड्रिप ट्रेची नळी बारीक जाळीने, माशी जाणार नाही पण हवा जाईल अशी. आणि कॉकपिटमध्ये एक कागद चिकटवा: कोणती बुचं लावलीत, किती, आणि कॉक बंद आहे.

गॅरेज_नंबर_3

पहिल्या 10 तासांनी बाउल पुन्हा उतरवा आणि नवीन फ्लोट परत तोला. वजन इथे टाका, जमलं तर काट्याच्या फोटोसकट. ई20 वर आधी किती तास चालवलंय तेही लिहा, इतरांना मोजणी करायला उपयोगी पडेल.